क्रेडिट कार्डाची वार्षिक फी वसूल होते का? वही-पेन घेऊन करायचा हिशेब

वर्षातून एकदा क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटात वार्षिक फीची ओळ येते. तिच्या पाठोपाठ तिची धाकटी बहीण येते, १८ टक्के जीएसटी. आपण त्या दोन ओळी बघतो, ‘पॉइंट मिळतात की’ असं म्हणतो आणि बिल भरून मोकळे होतो. मी चार वर्षं हेच केलं. पाचव्या वर्षी एका रविवारी वही घेऊन बसलो. तेव्हा कळलं की ज्या कार्डापायी मी दरवर्षी २,९५० रुपये मोजत होतो, त्यातून घरातल्या फुकटच्या कार्डापेक्षा जेमतेम हजार रुपये जास्त मिळत होते.

या लेखातला सगळा हिशेब त्या ‘फुकटच्या कार्डापेक्षा’ या शब्दांभोवती फिरतो. कार्ड विकणारा माणूस सांगतो, ‘सर, वर्षाला पाच हजारांचे फायदे, फी फक्त अडीच हजार.’ पण त्या पाच हजारांतले चार हजार बिनफीच्या कार्डावरही मिळणारच असतील, तर फीच्या बदल्यात आपल्या हाती उरतात फक्त एक हजार. आवळा देऊन कोहळा काढायची ही रीत तुम्हाला समजली की पुढचं सोपं आहे.

आधी एक चाळणी

गेल्या बारा महिन्यांत बिल दर वेळी पूर्ण भरलंत का? ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम नाही, पूर्ण. एकदाही चुकलं असेल तर फी आणि पॉइंटांचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि साधं फुकटचं कार्ड वापरा.

कारण असं. बहुतेक बँकांचा व्याजदर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावू नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला, त्यामुळे तोही आधार गेला. ४०,००० रुपयांचं बिल एक महिना थकवलंत तर पावणेचार टक्क्यांनी १,५०० रुपये व्याज, त्यावर जीएसटी, एकूण १,७७०. शिवाय बिल थकलेलं असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. अशा एका महिन्यात वर्षभराची पॉइंटांची कमाई धुऊन जाते.

वर्षाचा खर्च कागदावर आणा

नेट बँकिंगमधून बारा स्टेटमेंटं उतरवून घ्या. अंदाज नको. अंदाजात आपण ऑनलाइन मागवलेलं जेवण नेहमी कमी धरतो आणि विमानप्रवास जास्त. खर्चाचे खाने पाडा. उदाहरणासाठी महिन्याला ४०,००० रुपये कार्डावर घालणारं एक घर घेऊ. वर्षाचे झाले ४,८०,००० :

अ‍ॅमेझॉनवरची खरेदी : ६०,०००
इतर ऑनलाइन खरेदी आणि जेवण : ६०,०००
दुकानातला किराणा, कपडे, औषधं : ९६,०००
रेल्वे तिकिटं : १८,०००
विमान आणि हॉटेल, ऑनलाइन : १८,०००
वीज, मोबाइल, गॅस : ४८,०००
पेट्रोल : ६०,०००
विम्याचे हप्ते : ६०,०००
शाळेची फी : ६०,०००

आता लाल पेन घ्या. शेवटचे चार खाने फसवे आहेत. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत. पंपावर लागणारा १ टक्का सरचार्ज तेवढा परत करतात, तोही ठरावीक रकमेच्या मर्यादेत. विमा, वीज आणि शाळा यांवर कुठलं कार्ड पॉइंट देतं, कुठलं अर्धे देतं, कुठलं काहीच देत नाही. घरभाडं किंवा अ‍ॅपवरून भरलेली शाळेची फी यांवर काही बँका उलट १ टक्का आकारतात. म्हणून नव्या कार्डाचा विचार करताना त्याच्या माहितीपत्रकात पहिल्यांदा ‘एक्सक्लूजन’, म्हणजे वगळलेल्या खर्चांची यादी, असा शब्द शोधायचा. जाहिरातीतला आकडा पहिल्या पानावर असतो, खरा आकडा या यादीत.

आपल्या उदाहरणात ही २,२८,००० ची रक्कम दोन्ही कार्डांसाठी शून्य धरू. कामाचा खर्च उरला २,५२,०००. म्हणजे कार्डावरचा जवळजवळ निम्मा खर्च पॉइंटांच्या दृष्टीने नव्हताच! पहिल्यांदा ही बेरीज केली की माणूस थोडा वेळ गप्प बसतो.

दुकानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘कार्ड दिलंत तर दोन टक्के वर पडतील’ असं ऐकवणारे सराफ आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले अजून आहेत. तिथे दीड टक्क्याच्या पॉइंटांसाठी कार्ड काढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ती रक्कम यादीतून काढून टाका.

पॉइंटचा भाव काढा

इथे थोडं थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे. कॅशबॅक रुपयात येतो, त्यामुळे तो समजतो. पॉइंट हे मात्र बँकेने छापलेलं चलन आहे. त्याचा भाव बँकच ठरवते, आणि तो तुम्ही पॉइंट कुठे खर्च करता त्यावर बदलतो.

समजा एक कार्ड दर १५० रुपयांना ४ पॉइंट देतं. ऐकायला भरपूर वाटतं. हे पॉइंट बँकेच्या पोर्टलवर विमान किंवा हॉटेलसाठी वापरले तर एकाचे ५० पैसे होतात. मग १५० रुपयांवर २ रुपये सुटले, म्हणजे १.३३ टक्के. तेच पॉइंट कॅटलॉगमधल्या मिक्सरसाठी ३५ पैसे भावाने गेले तर दर ०.९३ टक्के. आणि ‘बिलातून वळते करा’ म्हणालात आणि बँकेने २० पैसे भाव दिला, तर अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. कार्ड एक, पॉइंट तेच, पण एका वाटेने दुसरीच्या अडीचपट मिळतात.

म्हणून हिशेबात कुठला भाव धरायचा? जाहिरातीतला नाही, आणि फोरमवरच्या हौशी लोकांचाही नाही. गेल्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः पॉइंट कुठे खर्च केलेत तो भाव धरा. वर्षाला एकदाच विमानाने जात असाल आणि तेही ऑफिसच्या खर्चाने, तर ५० पैशांचा भाव तुमचा नाही. तुमचा भाव २० पैसे.

आणखी तीन बारीक गळत्या. पहिली, ‘दर १५० रुपयांना’ याचा अर्थ १४९ रुपयांच्या खरेदीवर शून्य आणि २९० वर एकाच टप्प्याचे पॉइंट. पन्नास-शंभराच्या खरेद्या जास्त असतील तर प्रत्यक्षातला दर कागदावरच्या दरापेक्षा खाली येतो. दुसरी, काही बँका पॉइंट वापरताना दर वेळी ९९ रुपयांच्या आसपास फी आणि वर जीएसटी घेतात. चार वेळा थोडे थोडे वापरण्यापेक्षा एकदाच वापरा. तिसरी, मुदत. दोन-तीन वर्षांनी पॉइंट बाद होतात आणि त्याची आठवण बँक फार मोठ्याने करून देत नाही. मी पॉइंटांच्या मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये गॅस सिलिंडरच्या नंबरशेजारी घालून ठेवली आहे.

फुकटच्या कार्डाचा पाया

आता वहीच्या डाव्या बाजूला लिहा : फी नसलेलं चांगलं कार्ड याच खर्चावर किती देईल? ज्याला आपण ‘लाइफटाइम फ्री’ म्हणतो, असं एक तरी कार्ड घरात असतंच. उदाहरणादाखल अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय घेऊ. त्याला वार्षिक फी नाही. प्राइम सदस्यांना अ‍ॅमेझॉनवर ५ टक्के (सदस्य नसाल तर ३), इतरत्र बहुतेक ठिकाणी १ टक्का.

अ‍ॅमेझॉन ६०,००० वर ५ टक्के म्हणजे ३,०००. इतर ऑनलाइनवर ६००. दुकानांवर ९६०. रेल्वे, विमान आणि हॉटेल मिळून ३६०. एकूण ४,९२०. प्राइमची सदस्य-फी केवळ कार्डासाठी भरत असाल तर ती यातून वजा करा. मुळातच मालिका बघायला घेतली असेल तर सोडून द्या.

हे ४,९२० म्हणजे तुमची जमीन. फीवालं कार्ड या जमिनीवर किती उंच उभं राहतं, तेवढंच मोजायचं.

फी खरी किती

९९९ ची फी १,१७९ ला पडते. २,५०० ची २,९५०. १०,००० ची ११,८००. फोनवरचा माणूस जीएसटी कधीच आपणहून सांगत नाही.

पण वर्षभरात ठरावीक खर्च केला तर पुढच्या वर्षीची फी माफ, अशी अट बहुतेक कार्डांना असते. तिथे दोन गोष्टी तपासा. ती मर्यादा मोजताना कुठला खर्च धरतात? काही बँका घरभाडं, पेट्रोल आणि वॉलेट त्यातूनही वगळतात. आणि वर्ष कुठलं? बहुतेक वेळा कार्ड मिळालेल्या महिन्यापासूनचे बारा महिने, जानेवारी किंवा एप्रिलपासूनचे नव्हेत. फी माफ झाली तर तिच्यावरचा जीएसटीही परत आला का, हे पुढच्या स्टेटमेंटात डोळ्यांनी बघा.

वजाबाकी

उजव्या बाजूला फीवालं कार्ड. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड घेऊ. फी ९९९ अधिक जीएसटी, वर्षाला २ लाख खर्च केला तर माफ. ऑनलाइन खर्चावर ५ टक्के, दुकानांत १ टक्का, दरमहा मिळणाऱ्या कॅशबॅकला कमाल मर्यादा. विमा, वीजबिल, शाळा, पेट्रोल आणि रेल्वे वगळलेले.

ऑनलाइन १,२०,००० वर ६,०००. विमान आणि हॉटेल १८,००० वर ९००. दुकानांवर ९६०. रेल्वेवर शून्य. एकूण ७,८६०. त्यातून जमीन वजा करा : ७,८६० उणे ४,९२० म्हणजे २,९४०. फी १,१७९ भरलीत तरी १,७६१ रुपये हातात राहतात. फी माफ झाली तर पूर्ण २,९४०. या घरासाठी हे कार्ड घेण्यासारखं आहे.

इथे एक गाठ आहे. तुम्ही हुशारी करून अ‍ॅमेझॉनचे ६०,००० फुकटच्या कार्डावर ठेवलेत (तिथेही ५ टक्केच मिळतात), तर फीवाल्या कार्डावर उरतात १,९२,०००. दोन लाखांना आठ हजार कमी! फी गळ्यात पडली. मग अ‍ॅमेझॉनची आठ-दहा हजारांची खरेदी या कार्डावर आणायची, टक्का तोच मिळतो. दोन कार्डांत खर्च वाटताना हे बघायला विसरू नका. आणि रेल्वे तिकिटं फुकटच्या कार्डावरच राहू द्या, तिथे निदान १ टक्का आहे; फक्त ते १८,००० ही मग अ‍ॅमेझॉनच्या खरेदीतूनच या कार्डावर भरून काढा.

आता माझं जुनं कार्ड. १.३३ टक्के, फुकटचं १ टक्का. फरक एक तृतीयांश टक्क्याचा, म्हणजे दर ३०० रुपयांच्या खर्चामागे १ रुपया जास्त. फी २,९५०. मग फी वसूल व्हायला लागणारा खर्च २,९५० गुणिले ३०० : ८,८५,००० रुपये! माझा कामाचा खर्च होता तीन लाख. जास्तीचे मिळाले हजार, गेले जवळजवळ तीन हजार. फीमाफीची अट होती चार लाखांची, तीही हुकत होती. कुठल्याही कार्डासाठी हा एक आकडा काढलात तरी निम्मं काम होतं : एक रुपया जास्त मिळायला किती रुपये खर्च करावे लागतात, आणि त्याला फीने गुणलं तर किती होतात.

मोठ्या फीच्या कार्डांना हीच वजाबाकी लागते, फक्त आकडे बघून दचकायचं नाही. एचडीएफसीच्या इन्फिनियाची फी १२,५००, जीएसटी धरून १४,७५०. पण फी भरली की १२,५०० पॉइंट खात्यात येतात, आणि बँकेच्या पोर्टलवर विमान-हॉटेलसाठी एका पॉइंटाचा एक रुपया होतो. जो माणूस दरवर्षी स्वतःच्या पैशाने विमानाने फिरतो, त्याला ही फी खऱ्या अर्थाने २,२५० ची. जो फिरत नाही, त्याला १४,७५० ची. कार्ड एकच आहे. म्हणून ‘अमुक कार्ड चांगलं का?’ या प्रश्नाला मी आताशा उलट प्रश्न विचारतो : तुम्ही वर्षाला किती वेळा आणि कोणाच्या पैशाने फिरता?

लाउंज, व्हाउचर आणि टप्पे

माहितीपत्रकातले मोठे आकडे इथून येतात. ‘३०,००० रुपयांचे फायदे’ असं लिहिलेलं असतं, त्यात विमानतळावरच्या लाउंजची, म्हणजे खाण्या-बसण्याच्या खास दालनाची, प्रत्येक फेरी हजारभराची धरलेली. माझा नियम : जी गोष्ट कार्ड नसतं तर मी स्वतःच्या खिशातून विकत घेतली असती, तिची किंमत पूर्ण धरायची. जी कदाचित घेतली असती तिची अर्धी. बाकी सगळ्याची शून्य.

लाउंज नसतं तर विमानतळावर मी काय केलं असतं? एक चहा आणि एक सँडविच, फार तर ४०० रुपये. तेवढीच लाउंजची किंमत. गेल्या दिवाळीत आम्ही चौघे गेलो तेव्हा मोफत प्रवेश माझ्या एकट्याचा निघाला, बाकीचे तिघे काचेबाहेर. शेवटी चौघांनी मिळून बाहेरच खाल्लं. शिवाय आता अटी आल्या आहेत. आयसीआयसीआयने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० खर्च केला तरच लाउंज, असा नियम लावला आणि पुढे ती रक्कम वाढवली. इतर बँकांनीही तोच रस्ता धरला. दसऱ्याला ठरवून दिवाळीत लाउंज मिळत नाही, खर्च आधीच्या तिमाहीत झालेला असावा लागतो.

‘स्वागत’ व्हाउचर पहिल्या वर्षी बऱ्याचदा फीच्या रकमेइतकं मिळतं. ते जिथे तुम्ही नाहीतरी खरेदी करता अशा दुकानाचं असेल तर पहिलं वर्ष बरोबरीत सुटतं. पण ते एकदाच. हिशेब नेहमी दुसऱ्या वर्षाचा करा.

टप्प्यांचं, म्हणजे माइलस्टोनचं, प्रकरण जरा नाजूक आहे. ‘५ लाख खर्च केलात तर ५,००० चं व्हाउचर’ हे पाच लाख गाठणाऱ्याला एक टक्का जास्त देतं आणि ४,९०,००० वर थांबलेल्याला काहीच देत नाही. तुमचा कामाचा खर्च नैसर्गिकपणे त्या आकड्याच्या पुढे जात असेल तरच ते मोजा. थोडा कमी पडत असेल आणि पुढच्या महिन्यात एखादी मोठी खरेदी ठरलेलीच असेल, तर ती अलीकडे ओढा, हरकत नाही. पण टप्प्यासाठी खरेदी शोधू नका. आमच्या घरात एक टीव्ही धड चालू असताना दुसरा आला, तो असाच. व्हाउचर ५,००० चं, टीव्ही २८,००० चा. बायको अजून त्याला ‘पॉइंटवाला टीव्ही’ म्हणते.

नियम बदलतात, म्हणून दरवर्षी

२०२३ मध्ये अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट वर मिळत. लोक त्यासाठी रांगा लावत होते. १ सप्टेंबर २०२३ पासून तो बोनस बंद झाला, फी १०,००० वरून १२,५०० झाली आणि फीमाफीची अट १५ लाखांवरून २५ लाखांवर गेली. म्हणून पॉइंट साठवून ठेवू नका, बँकेतल्या ठेवीसारखं त्यांवर व्याज चढत नाही, भाव मात्र उतरतो. या लेखातले आकडेही अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवर ताडून घ्या.

फी लागण्याआधी दोन महिने

कार्ड कुठल्या महिन्यात मिळालं ते पहिल्या वर्षाच्या स्टेटमेंटात फीच्या ओळीवरून कळतं. त्याच्या दोन महिने आधीची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी वरची वजाबाकी पुन्हा करा. उत्तर उणे आलं तर कस्टमर केअरला फोन लावा आणि सरळ सांगा : फी परवडत नाही, कार्ड बंद करायचं आहे. बऱ्याचदा समोरून काहीतरी देऊ करतात. फी माफ, अमुक खर्च केला तर माफ, किंवा फीइतके पॉइंट. तिसऱ्या पर्यायाला आपला भाव लावून बघा, तोवर हो म्हणू नका. काहीच देत नसतील तर त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डावर उतरवून मागा. तुमचं सर्वांत जुनं कार्ड हेच असेल तर हा मार्ग बंद करण्यापेक्षा बरा, कारण जुनं खातं बंद झालं आणि एकूण मर्यादा घटली की सिबिलच्या, म्हणजे कर्जासाठी आपली पत मोजणाऱ्या संस्थेच्या, गुणांवर परिणाम होऊ शकतो.

बंदच करायचं ठरलं तर क्रम असा. आधी पॉइंट वापरा, कार्ड बंद झालं की ते गेले. मग त्या कार्डावर लावलेली ऑटो-पेमेंटं दुसरीकडे हलवा : मोबाइल, ओटीटी, विमा. सगळं बिल शून्यावर आणा. मग ईमेलने किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून बंद करण्याची लेखी विनंती करा, नुसत्या फोनवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, आणि उशीर झाला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. विनंतीची तारीख त्यासाठीच हाताशी हवी. बंद झाल्याचा मेल जपून ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात ते खाते ‘क्लोज्ड’ दिसतंय ना, एवढं बघून घ्या.